बडनेऱ्याला गाडी थांबते, चांगला चित्रपट का थांबत नाही?

बडनेरा हे जंक्शनचे गाव. मुंबई-हावडा मार्गावरचा प्रवासी येथे उतरतो, फलाटावर चहा घेतो आणि अमरावतीची वाट धरतो. रुळांच्या एका अंगाला नवी वस्ती, दुसऱ्या अंगाला जुनी. १९७०चे दशक संपत आले होते, तेव्हा शाळकरी वयात आम्ही मुले या फलाटावर एक दृश्य पाहण्यासाठी मुद्दाम जात असू. पार्सलच्या डब्यातून पत्र्याच्या पेट्या उतरत. पेटीवर पांढऱ्या रंगाने चित्रपटाचे नाव घातलेले असे. त्या पेट्यांत रिळे असत. दोन हजार फुटांचे एक रीळ वीस-बावीस मिनिटे चाले. म्हणजे एका चित्रपटाला सात-आठ रिळे लागत. हमाल ती पेटी डोक्यावर घेई आणि आम्ही तिच्यावरचे नाव वाचून शाळेत पुढच्या आठवड्याची वार्ता सर्वांच्या आधी सांगत असू.

या पेट्या येथेच का उतरत, हे पुढे पत्रकारितेत आल्यावर उमगले. मध्य प्रांत व वऱ्हाड हे राज्य इतिहासजमा झाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला. पण चित्रपटांच्या व्यापारात ‘सी.पी.-बेरार’ हा विभाग त्याच नावाने चालू राहिला. या विभागातील वितरणाची कार्यालये प्रामुख्याने अमरावती आणि भुसावळ येथे होती. दोन्ही रेल्वेच्या सोयीची ठिकाणे. कोणता चित्रपट कोणत्या गावी केव्हा जायचा, याचा निर्णय अमरावतीत होत असे. त्या वैभवाची खूण शहराच्या अंगावर आजही आहे. राजकमल चौक, चित्रा चौक, सरोज चौक, प्रभात चौक. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण ही नावे घेतो आणि ती चित्रपटगृहांची आहेत, हे विसरतो.

ज्या भूमीतून शेकडो गावांना चित्रपट वाटले गेले, त्याच भूमीतील रसिकाला आज एखादी गाजलेली जुनी कलाकृती किंवा एखादा पुरस्कारप्राप्त नवा मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा असेल, तर त्याने काय करावे?

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. वय पंचाहत्तरीकडे झुकलेले. नागपूरला चित्रपट महोत्सव आहे असे कळले की ते सकाळच्या गाडीने निघतात. सुमारे पावणेदोनशे किलोमीटर जातात, दोन चित्रपट पाहतात आणि रात्री उशिरा बडनेऱ्याला परततात. एकदा मी त्यांना म्हटले, “सर, या वयात एवढी दगदग कशाला?” ते शांतपणे म्हणाले, “अरे, वारीला जाणाऱ्याला कोणी असे विचारतो का? पण तुझा प्रश्न निराळा हवा होता. मला जावे का लागते, हे विचार.”

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

जुनी सबब संपली

पूर्वी सबब होती आणि ती खरीही होती. चित्रपटाची एक प्रत काढणे खर्चाचे काम. निर्माता मोजक्या प्रती काढी. त्या आधी मुंबई-पुण्यात फिरत, मग जिल्ह्याला येत, आणि तालुक्याला येईपर्यंत त्यांच्यावर ओरखड्यांचा पाऊस पडलेला असे. छोट्या निर्मात्याचा चित्रपट तर वऱ्हाडापर्यंत पोहोचतच नसे. या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल प्रक्षेपण आले आणि हा सारा पसारा मोडीत निघाला. आता पेटी नाही, हमाल नाही, पार्सलची पावती नाही. चित्रपट उपग्रहामार्फत किंवा हार्ड डिस्कवर येतो. मुंबईत दिसणारे चित्र आणि बडनेऱ्यात दिसणारे चित्र यांत प्रतीचा फरक उरलेला नाही.

म्हणजे वाहतुकीची अडचण संपली. तरीही चांगला चित्रपट आलेला नाही. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

चित्रपटगृहाचा हिशेब शुक्रवारी सुरू होतो आणि रविवारी रात्री संपतो. पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत, तर सोमवारपासून खेळ कमी होतात. छोट्या चित्रपटाजवळ जाहिरातीसाठी पैसा नसतो. त्याचे भांडवल म्हणजे पाहून आलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगणे. या सांगण्याला पंधरा दिवस लागतात. चित्रपट मात्र आठ दिवसांत उतरलेला असतो. त्यातून खेळाची वेळ मिळते ती मंगळवारी सकाळी अकराची, जेव्हा नोकरदार कार्यालयात असतो आणि मुले शाळेत. मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत दुपारी बारा ते रात्री नऊ या काळात स्थान मिळावे, असा निर्णय राज्य शासनाने एप्रिल २०१५ मध्ये घेतला, तो याच दुखण्यामुळे. परंतु शासन वेळ मिळवून देऊ शकते, प्रेक्षक नाही. चित्रपटगृहाच्या मालकाला दोष देणे सोपे आहे. त्यालाही विजेचे देयक आणि माणसांचे पगार द्यावयाचे असतात. रिकाम्या खुर्च्यांपुढे त्याने कलासेवा करावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

आपली कथा, परक्यांचे डोळे

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा चित्रपट २००९ सालचा. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याची ही कथा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपला नवराही तेच करील, या धास्तीने त्याच्यावर पहारा ठेवणारी बायको. डोळे आभाळाकडे लागलेला शेतकरी. आणि यायचा तेव्हा न येणारा पाऊस. भाषा आपली वऱ्हाडी. चित्रपटाच्या नावात जी शिवी आहे, तीही आपल्याच शेतातली. हा चित्रपट हॉलंडमधील रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखविला गेला. तेथील प्रेक्षकांनी भाषांतराच्या ओळी वाचत आपल्या शेतकऱ्याचे दुःख समजून घेतले.

मी ओळखीच्या दहा-बारा घरांत सहज विचारले. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, दोन शेतकरी, एक वैद्य. एकानेही तो चित्रपटगृहात पाहिलेला नव्हता. तिघांना नाव ठाऊक होते. एका शेतकऱ्याने विचारले, “आपल्यावर सिनेमा निघाला होता? मग आपल्याला कसा नाही दिसला?”

या प्रश्नाने मला बेचैन केले. समाजाला आरसा हवा असतो. आपल्या आरशात परके लोक आपल्याला पाहतात आणि आपण मात्र त्यात डोकावत नाही, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. ज्या अमरावती, अकोला, यवतमाळ जिल्ह्यांची नावे शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत देशभर वाचली गेली, त्या जिल्ह्यांत हा चित्रपट गावोगाव दाखवून त्यावर चर्चा झाली असती, तर एखादा बाप, एखादी आई, एखादा शेजारी वेळीच सावध झाला असता की नाही? निश्चित उत्तर कोणी देऊ शकणार नाही. परंतु तो प्रयत्न करण्याचे आपल्या मनातही आले नाही, हे सत्य आहे.

वारसा केवढा आणि जाण किती

वस्तुतः महाराष्ट्राइतका चित्रपटाचा वारसा फार थोड्या प्रांतांना लाभला आहे. येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहून दादासाहेब फाळके यांच्या मनात आले, की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर केव्हा येतील? त्या ध्यासातून ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. तो स्वदेशीचाच एक आविष्कार होता. १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ती कथा. आज त्या मूकपटाची प्रत उपलब्ध नाही. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली, १९३३ साली ती पुण्यास आली, आणि दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. ज्या जागेत ‘प्रभात’चा स्टुडिओ होता, तेथेच पुढे देशाची चित्रपट-प्रशिक्षण संस्था उभी राहिली.

१९५३च्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे पुन्हा यायला अर्धे शतक लागले. तो ‘श्वास’ने आणला. पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनी तो मिळविला. या पाचांपैकी किती चित्रपट आपल्या घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहिले आहेत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

जे आपण पाहत नाही, ते आपण जपतही नाही. मूकपटांच्या काळातील बहुतांश ठेवा नष्ट झाला. कित्येक फिल्म तर त्यांतील चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी देशभर फिरून जे हाती लागेल ते वाचविले. फाळक्यांचे ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ आज जेवढे पाहावयास मिळतात, त्यामागे या एका माणसाची चिकाटी आहे. तरीही जानेवारी २००३च्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. त्यात ‘प्रभात’च्या मूळ फिल्मही होत्या. घराण्याची पोथी जळावी तशी ही घटना होती. पण आपल्या बैठकांत तिची चर्चा झाल्याचे मला स्मरत नाही. समाधानाची गोष्ट ही, की केंद्र शासनाने २०२२ साली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. चित्रपट पुन्हा स्वच्छ होतील. ते पाहणारा समाज कोठून आणावयाचा?

निषेधाचे निवेदन आणि तिकिटाची खिडकी

येथे थोडे आत्मपरीक्षण करावे लागेल आणि ते कटू असेल. एखाद्या चित्रपटात आपल्या श्रद्धांची टवाळी झाली, इतिहासाची मोडतोड झाली, की आपण जागे होतो. निवेदने देतो, पत्रके काढतो, प्रसंगी रस्त्यावर उतरतो. ते चूक, असे मी म्हणत नाही. समाजाने आपली संवेदना व्यक्त केलीच पाहिजे. परंतु ज्या तत्परतेने आपण वाईट चित्रपटाच्या दारात उभे राहतो, त्याच्या एक दशांश तत्परतेने चांगल्या चित्रपटाच्या तिकिटाच्या खिडकीपाशी उभे राहतो काय? निर्मात्याला आपला निषेध कळतो, आपली पसंती कळतच नाही. मग तो आपल्या पसंतीचा विचार का करील?

दुसरीही एक अडचण आहे. चांगला चित्रपट आपल्याला नेहमी सुखावेलच असे नाही. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये एका भोळ्या गुराख्याला दत्तदर्शन होते आणि त्या दर्शनाचा गावपुढारी बाजार मांडतात. आमच्या एका बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, “हा आपल्या देवस्थानांवर आघात आहे.” मी त्यांना एवढेच विचारले, “गाडगेबाबा काय सांगत होते?” शेंडगावला जन्मलेल्या, याच मातीत देह ठेवलेल्या त्या महापुरुषाने नवसाच्या कोंबड्या-बकऱ्यांवर आणि देवाच्या नावावरील धंद्यावर कीर्तनातून जे कोरडे ओढले, त्यापुढे ‘देऊळ’ फार सौम्य आहे. त्या चित्रपटात श्रद्धेची टवाळी नाही; श्रद्धेच्या व्यापाऱ्यांची आहे. गाडगेबाबांच्या समाधीपुढे हात जोडणाऱ्यांनी तरी हा भेद ओळखला पाहिजे.

तीच गोष्ट ‘फँड्री’ची. २०१३च्या या चित्रपटात नागराज मंजुळे यांनी कैकाडी समाजातील एका शाळकरी मुलाचे मन उलगडले आहे. गावात डुकरे पकडताना आपल्याला वर्गमैत्रिणीने पाहू नये, म्हणून भिंतीआड लपणारा तो मुलगा आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड. तो दगड आपल्या दिशेने येतो, म्हणून आपण मान वळवावी काय? समरसतेवर आपण भाषणे पुष्कळ ऐकली. माझ्या मते, आपल्या घरातील मुलामुलींना शेजारी बसवून हा चित्रपट एकदा पाहणे हे त्यांपैकी बऱ्याच भाषणांपेक्षा अधिक परिणामकारक ठरेल. त्यातील प्रत्येक मताशी सहमत होण्याची गरज नाही. पाहून मग वाद घालावा. न पाहता घातलेला वाद समाजाला पुढे नेत नाही.

घरचा पडदा पुरेसा नाही काय?

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. १९८०च्या दशकात दूरदर्शन रविवारी दुपारी विविध भारतीय भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवीत असे. बडनेऱ्यासारख्या गावातील माझ्यासारख्या मुलाला बंगाली, मल्याळी, कन्नड माणसाच्या घरात त्या दुपारींनी नेले. राष्ट्र एक आहे, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दुपारींत ते अनुभवले. घरच्या पडद्याचे ऋण मी नाकारणार नाही.

परंतु पुढे अमरावतीत महाविद्यालयात असताना एका सभागृहात, पांढऱ्या कापडावर, खडखडणाऱ्या यंत्रातून सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) पाहिला. काशफुलांच्या रानातून अपू आणि दुर्गा आगगाडी पाहायला धावतात. माझे सारे बालपण आगगाड्या पाहण्यात गेलेले. मला त्यात अपूर्वाई ती काय? पण सभागृहातील दोनशे माणसे एकाच क्षणी श्वास रोखून बसली होती. त्या अंधारात मला प्रथमच कळले, की रोज दिसणारी आगगाडी मी कधी पाहिलीच नव्हती. हे एकट्याने मोबाइलवर घडत नाही. ज्ञानेश्वरी घरीही वाचता येते; तरी आपण कीर्तनाला जातो. चार माणसांत बसून ऐकलेले मनात अधिक खोल उतरते आणि घरी परतताना त्यावर बोलणे होते. चित्रपटाचेही तसेच आहे.

शिवाय मोठ्या पडद्यावरील जुन्या चित्रपटांना प्रेक्षक नाही, हेही खरे नाही. राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे दहा चित्रपट देशातील ४० शहरांत, १३५ चित्रपटगृहांत शंभर रुपयांच्या तिकिटात दाखविले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ नव्या रूपात चित्रपटगृहांत आला. या ‘मंथन’ची जन्मकथा आपण विशेषत्वाने लक्षात घेण्याजोगी आहे. १९७६च्या या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. पुढे तेच शेतकरी तो पाहण्यासाठी गाड्या भरून आले. आपला चित्रपट आपण उभा करावा, ही बुद्धी त्यांना झाली. वऱ्हाडातील शेतकरी आणि मध्यमवर्ग काही कमी बुद्धीचा नाही.

काय करता येईल

१९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कोलकात्यात फिल्म सोसायटी काढली. १९५९ साली अशा मंडळांचा देशव्यापी महासंघ झाला. मुंबईत १९६८पासून ‘प्रभात चित्र मंडळ’ काम करीत आले. हे सारे मूठभर रसिकांनी वर्गणी काढून सुरू केले.

बडनेऱ्यात हे का होऊ नये? शंभर घरांनी वर्षाला सहाशे रुपये दिले, तर साठ हजार रुपये जमतात. महिन्याला एक चित्रपट धरला, तर प्रत्येक खेळास पाच हजार. शाळेचे सभागृह, चांगला प्रक्षेपक आणि ध्वनियंत्रणा यांची सोय गणेशोत्सव करणाऱ्या गावाला अवघड नाही. एक दक्षता मात्र हवी. बाजारातून तबकडी आणून किंवा मोबाइलवरून उतरवून जाहीर खेळ करणे हा कायद्याचा भंग आहे. निर्मात्याची लेखी अनुमती घ्यावी, योग्य ते शुल्क द्यावे. छोटे निर्माते अशा पत्राची वाट पाहत असतात, हा माझा अनुभव आहे. अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन किंवा अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह येथे वर्षातून एकदा तीन दिवसांचा महोत्सव भरविणे ही पुढची पायरी.

चित्रपट निवडताना गावाचे पंचांग पाहावे. पोळ्याच्या आधी ‘टिंग्या’ दाखवावा. विकायला काढलेल्या बैलासाठी झुरणारा तो मुलगा आपल्या प्रत्येक गोठ्यात भेटेल. आषाढीला ‘संत तुकाराम’. २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७). त्याचे दिग्दर्शक राजदत्त विदर्भाच्या मातीतले. २०२४ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा आपण आनंदाने अभिनंदनाचे फलक लावले. फलकाखाली त्यांचा एक चित्रपट लावला असता, तर तो सन्मान अधिक शोभला असता. खेळ संपल्यावर अर्धा तास चर्चा व्हावी आणि तीत पहिला बोलण्याचा मान विद्यार्थ्यांना आणि गृहिणींना द्यावा. पाहुण्याचे लांबलेले भाषण टाळावे.

शंभर घरांचे असे मंडळ उभे राहिले, की चित्रपटगृहाच्या मालकाशीही बोलता येते. “रविवारी सकाळचा एक खेळ आम्हांला द्या, शंभर तिकिटांची जबाबदारी आमची,” असे म्हणणारा ग्राहक कोणताही व्यावसायिक नाकारणार नाही. मागणी संघटित झाली, की पुरवठा आपोआप वाट शोधतो.

मुख्याध्यापकांना मी ही कल्पना सांगितली. त्यांनी खिशातून सहाशे रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “पावती नंतर दे. पण पुढल्या हिवाळ्यात मला नागपूरचे तिकीट काढावे लागू नये, एवढे बघ.”

एक घर झाले. नव्याण्णव बाकी आहेत. येत्या रविवारी शाखा सुटल्यावर, भजनी मंडळाच्या बैठकीत किंवा वाचनालयाच्या ओट्यावर आपण हा विषय काढावा, ही विनंती.